नवा बोर्ड मागवण्यापूर्वी

सोलापूर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. थ्रीडी प्रिंटरचा बोर्ड कधी संगणकाला दिसतो, कधी दिसत नाही, आणि बेड, म्हणजे वस्तू जिच्यावर छापली जाते ती तापणारी पाटी, तापू लागताच संपर्क तुटतो, म्हणून तू नवा बोर्ड मागवणार आहेस, असे कळले. कृपा करून एवढ्यात मागवू नकोस. तुझ्याकडची जोडी, म्हणजे प्रिंटरचा मेंदू असलेला अर्डुइनो मेगा २५६० आणि त्यावर बसवलेला, मोटारी व हीटर जोडायचा बोर्ड रॅम्प्स १.४, बरीच चिवट आहे. बोर्ड शाबूत असून त्याला वीज नीट पोहोचत नसावी, असा माझा दाट संशय आहे.

मेगावरचा दिवा लागतो, यावरून तू वीजपुरवठा ठीक धरलास. परंतु तो दिवा यूएसबीच्या ५ व्होल्टवरही लागतो. मोटारींना, नोझलच्या हीटरला आणि बेडला लागणारे १२ व्होल्ट मात्र एसएमपीएसकडूनच, म्हणजे घरच्या विजेचा दाब उतरवून देणाऱ्या पेटीकडूनच, यावे लागतात. यूएसबी काढून फक्त एसएमपीएस चालू कर. रॅम्प्सवर डी१ हा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा सुटा भाग, असेल तर मेगाला तिकडूनही वीज मिळते आणि दिवा लागायला हवा. डायोड काढलेला असेल तर दिवा न लागणे हा बिघाड नव्हे. हा डायोड जागेवर असताना २४ व्होल्टचा एसएमपीएस चुकूनही जोडू नकोस, मेगावरचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा भाग, तो दाब सोसणार नाही.

खरी परीक्षा भार असतानाची आहे. १२ व्होल्टचा बेड साधारण १० अँपिअर ओढतो. एखाद्या सांध्यात अवघा ०.१ ओहम रोध आला, तरी तिथे १ व्होल्ट गळतो आणि १० वॅट उष्णता निर्माण होते. म्हणून मल्टिमीटर आधी एसएमपीएसच्या टर्मिनलवर आणि मग बोर्डाच्या हिरव्या कनेक्टरवर लावून, दोन्ही आकडे बेड तापत असतानाच घे. एसएमपीएसवर १२ आणि कनेक्टरवर ११ किंवा त्याहून कमी आले, तर दोष मधल्या वायरीत किंवा स्क्रूखाली आहे.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात असाच प्रिंटर मी पाहिला. यंत्रमागांच्या हादऱ्यांनी कनेक्टरचा स्क्रू सैल झाला होता, त्या बाजूचे हिरवे प्लास्टिक तपकिरी पडून किंचित वितळले होते, आणि वायरीच्या टोकाला कथील चढवले होते. कथील मऊ असल्यामुळे स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू बसते आणि पकड ढिली होते. टोकाला फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबून बसवणे केव्हाही चांगले. तेथे पंख्यावर सुताचे तंतूही दाट जमले होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीपलीकडे असताना, मोटार ड्रायव्हरांना, म्हणजे मोटारी चालवणाऱ्या रॅम्प्सवरच्या छोट्या पट्ट्यांना, वारा मिळालाच पाहिजे. सांधे करताना मुख्य वीज बंद कर, आणि वीज चालू असताना मोटारीचा प्लग कधीही काढू नकोस. त्याने ड्रायव्हर जळू शकतात.

आता संपर्काविषयी. संपर्क तुटतो त्या क्षणी संगणकाच्या यादीतून पोर्टच नाहीसे होते, की पोर्ट कायम राहून पडद्यावर मध्येच 'स्टार्ट' अशी ओळ उमटते, हे नीट पाहा. ती ओळ आपोआप आली, तर बोर्ड पुन्हा सुरू झाला आहे आणि कारण बहुधा विजेत आहे. पोर्टच गेले, तर आधी केबल बदल. केवळ चार्जिंगच्या केबलीत डेटाच्या तारा नसतात आणि तिच्यावर पोर्ट मुळी दिसणारच नाही. मेगाच्या स्वस्त प्रतींवर यूएसबीसाठी बहुधा सीएच३४० ही चिप असते, तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला ओळखणारी प्रणाली, संगणकात असावा लागतो. पोर्ट दिसते पण उत्तर येत नाही, तर बॉड रेट, म्हणजे संगणक आणि बोर्ड यांच्यातील संदेशांचा वेग, दोन्हीकडे सारखा आहे का ते तपास. मार्लिन या प्रिंटरच्या प्रणालीमध्ये तो बहुधा २५०००० किंवा ११५२०० असतो.

यूएसबी लावताच सगळे दिवे विझत असतील, तर एंडस्टॉपचे, म्हणजे सरकता भाग टोकाला पोहोचल्याचे कळवणाऱ्या स्विचांचे, प्लग एकेक करून काढ. उलटा बसलेला प्लग ५ व्होल्ट आणि ग्राउंड एकमेकांना जोडून टाकू शकतो, आणि बोर्ड मेल्यासारखा भासतो.

मीटरचे दोन्ही आकडे, डी१ आहे की नाही, आणि 'स्टार्ट'ची ओळ येते का, एवढे लिहून पाठव. कनेक्टर तपकिरी दिसला तर त्याचा फोटोही जोड. नवा कनेक्टर येथून मी पाठवीन. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा मित्र