बातमी रिलीजच्या दिवशी नको, बीटाच्या दिवशी छापा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी तुमचा जुना वाचक. दिवसा अकाउंट्सचं काम करतो आणि रात्री जेवणं उरकली की ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या मेनूतली, खिडक्यांतली वाक्यं मराठीत आणतो, गेली सात वर्षं. नवीन व्हर्जन आलं की तुम्ही आतल्या पानावर चौकट देता ते बघून बरं वाटतं, पण तोवर आपल्या हातात करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं, म्हणून हे पत्र.

रिलीज म्हणजे कुणीतरी एक बटण दाबलं आणि झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरचं बघा, वर्षातून दोन मोठी रिलीज, फेब्रुवारीच्या आणि ऑगस्टच्या आसपास, आणि २०२४ पासून नंबरही त्यावरूनच, २४.२ म्हणजे २०२४ चा फेब्रुवारी. पण फेब्रुवारीच्या रिलीजची बीटा, म्हणजे वापरून बघायची कच्ची आवृत्ती, डिसेंबरातच बाहेर पडते, मग जानेवारीत रिलीज कँडिडेट म्हणजे आरसी, जवळजवळ पक्की आवृत्ती, पहिली, दुसरी, लागली तर तिसरी. मधे फ्रीझ लागतो, म्हणजे आधी नवीन फीचर घेणं बंद, मग इंग्रजी वाक्यं बदलणंही बंद, कारण तिकडे एक शब्द हलला की सगळ्या भाषांतल्या लोकांना ते वाक्य परत करावं लागतं. डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या १३ व्या आवृत्तीचा फ्रीझ तर मार्च २०२५ मध्ये सुरू झाला आणि रिलीज झालं ९ ऑगस्टला, पाच महिने एकेक दार बंद करत फक्त दुरुस्ती.

हे महिने किती मोलाचे असतात ते मला एका रात्री कळलं. फाइल अमुक फोल्डरमधून काढायची का, असं विचारणारं साधं वाक्य होतं, त्यात नावांसाठी दोन रिकाम्या जागा, इंग्रजीत आधी फाइल मग फोल्डर. मराठीत क्रम उलटा हवा, तो मी उलटा केलाच नाही. अनुवादाच्या चौकटीत वाक्य छान दिसत होतं. आरसी आली ती मी घरच्या जुन्या लॅपटॉपवर टाकली, एक फाइल काढायला गेलो आणि समोर आलं, ‘मार्चची बिलं’ मधून ‘हिशेब’ काढायचं का? हिशेब हे माझं अख्खं फोल्डर! पोटात गोळाच आला. दुसऱ्या कुणी घाबरून काय केलं असतं कोण जाणे. रात्री एक वाजता दुरुस्त केलं, रिलीजचा टॅग, म्हणजे हाच शेवटचा कोड अशी खूण, लागायला दोन दिवस होते. टॅग लागला की कोड तिथेच थांबतो, त्याचं गाठोडं बांधतात, त्यावर डिजिटल सही होते, मधे काही बदललं नाही ना हे पडताळायला चेकसम नावाचा आकडा देतात आणि जगभर पाठवतात. राहिलेली चूकही त्याच गाठोड्यातून जाते, मग पुढच्या छोट्या रिलीजची वाट बघायची.

मार्च २०२४ मधली एक्सझेडची गोष्ट आठवा. फाइली दाबून लहान करणारी ही छोटी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड, पण लिनक्समध्ये जिथे तिथे असते. कुणीतरी एका टोपणनावाखाली दोनेक वर्षं कामं करून विश्वास कमावला आणि ५.६.० व ५.६.१ या रिलीजमध्ये चोरदरवाजा घातला, त्यातला एक महत्त्वाचा तुकडा तर फक्त रिलीजच्या गाठोड्यात होता, सगळ्यांना दिसणाऱ्या गिटच्या, म्हणजे कोड जिथे ठेवतात तिथल्या, कोडमध्ये नव्हताच. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला तो सापडला तो लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा पिच्छा पुरवल्यामुळे, आणि तो वापरत होता डेबियनची अजून पक्की न झालेली आवृत्ती. स्टेबल म्हणजे पक्क्या आवृत्तीपर्यंत ते पोचायच्या आत २९ मार्चला त्याने जगाला सांगितलं. एका माणसाने आधीच वापरून बघितलं म्हणून केवढं संकट टळलं.

मराठीसाठी असं बघणारं आपल्याशिवाय कोण आहे? ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यातला फरक जर्मनीत बसलेल्या प्रोग्रॅमरला दिसणार नाही, ‘ऱ्या’ मोडला तरी त्याला ते अक्षरच वाटेल. ‘ॲ’ च्या जागी चौकोन येतोय का, बटणावर ‘रद्द करा’ चं ‘रद्द क’ झालंय का, यादी लावताना ‘ळ’ आणि ‘ज्ञ’ कुठे जातात, पीडीएफमधून कॉपी केलेल्या मजकुरातल्या वेलांट्या जागेवर राहतात का, हे रोज मराठी टाइप करणाऱ्यालाच कळतं, आणि त्याला कोडिंग अजिबात यावं लागत नाही. ग्रामपंचायतीतले ऑपरेटर, डीटीपीवाले, शाळेतले शिक्षक यांची नजर यात आमच्यापेक्षा तयार असते असा माझा अनुभव आहे, फक्त त्यांना वेळेवर कुणी सांगत नाही.

म्हणून विनंती एवढीच की ही चौकट डिसेंबरात आणि जूनमध्ये, बीटा आली की छापा. सोबत दोन ओळी द्या, की रोजच्या कामाच्या मशीनवर टाकू नका, जुन्या कॉम्प्युटरवर टाका, आपलंच एखादं खरं पत्र किंवा लग्नपत्रिका उघडा, छापून बघा, आणि खटकलं तर स्क्रीनशॉट काढून प्रोजेक्टच्या बगझिलावर, म्हणजे चुका कळवायच्या वेबसाइटवर, टाका. इंग्रजी जमत नसेल तर चित्रावर लाल गोल करून बाजूला बरोबर अक्षर लिहिलं तरी चालतं, मी स्वतः सुरुवातीला तेच करायचो.

आपला,
एक वाचक, सांगली