मिसिंगच्या फाईलला मुदत घाला : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

‘कोणास काही एक न सांगता घरातून निघून गेली.’ बेपत्ता तरुणीची फाईल बहुधा या वाक्याने उघडते आणि अनेकदा तिथेच थांबते. मुलगी अठराच्या आतली असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशामुळे गुन्हा नोंदवावा लागतो. एकोणीस वर्षांच्या मुलीची मात्र नुसती मिसिंग रजिस्टरला नोंद होते. गुन्हा नाही, म्हणून झडती नाही, जप्ती नाही, अटक नाही.

संसदेत दिलेल्या आकडेवारीप्रमाणे २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रातून अठरा वर्षांवरील १,७८,४०० महिला बेपत्ता झाल्याची नोंद आहे. यातल्या कितीतरी परत येतात, काही आपल्या मर्जीने गेलेल्या असतात. सज्ञान बाईला घर सोडायचा हक्क आहेच. पण ‘गेली असेल कुणाबरोबर’ म्हणत पहिला महिना घालवला, की पुरावा हातचा जातो.

सोसायटीच्या डीव्हीआरची, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, डिस्क भरली की जुन्यावर नवं चित्रण चढतं. बऱ्याच ठिकाणी पंधरा ते तीस दिवसांतच. म्हणून फुटेज जतन करण्याचं पत्र नोंदीच्याच दिवशी गेलं पाहिजे. डीव्हीआरचं घड्याळ किती मिनिटं पुढे-मागे आहे, तेही पंचनाम्यात हवं; नाहीतर ती बसली त्या रिक्षाऐवजी भलतीच रिक्षा शोधत बसतात. सीडीआर, म्हणजे कोणत्या नंबरवरून कुणाशी कधी बोलणं झालं याची नोंद, ठेवण्याचं बंधन मोबाईल कंपन्यांवर डिसेंबर २०२१ पासून दोन वर्षांचं आहे, त्याआधी एकच वर्षाचं होतं. तो फक्त तिचा मागवून भागत नाही. शेवटच्या आठवड्यात जे जे तिच्याशी बोलले त्यांचाही हवा, आणि तिच्या हँडसेटमध्ये नंतर दुसरं सिम पडलं का, हे आयएमईआयवरून, म्हणजे हँडसेटच्या ओळख क्रमांकावरून, तपासायला हवं.

उशीर किती महाग पडतो, हे आपल्याच खात्याने पाहिलंय. नवी मुंबईतल्या एक महिला सहायक पोलीस निरीक्षक एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. खुनाबद्दल जन्मठेप झाली ती एप्रिल २०२५ मध्ये, आणि झाली ती एका पोलीस अधिकाऱ्यालाच. मृतदेह आजवर मिळालेला नाही.

जुन्या फाईलींचं खरं दुखणं वेगळ्या कपाटात आहे. बेवारस मृतदेह सापडतो दुसऱ्या हद्दीत, आणि त्याची नोंद होते अकस्मात मृत्यू म्हणून. दोन जिल्ह्यांतली ही दोन रजिस्टरं जुळवायची कशी, तर वर्णनावरून : ‘अंगाने सडपातळ, रंग गव्हाळ, नाक सरळ, अंगात पिवळा पंजाबी ड्रेस.’ आठ दिवस पाण्यात राहिलेल्या देहावर यातलं काय उरतं? उरतात दात. उरते हाड मोडल्यावर आत बसवलेली धातूची पट्टी. तिच्यावर कोरलेला क्रमांक असेल तर रुग्णालयाच्या नोंदीपर्यंत पोचता येतं. मिसिंगच्या अर्जात हे विचारलं गेलंच पाहिजे. शवविच्छेदनाच्या वेळी दाढ आणि मांडीच्या हाडाचा तुकडा काढून, कोरडा आणि थंड ठेवून, सीलबंद करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवला पाहिजे. अवयव टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिनमध्ये बुडवला की डीएनए खराब होतो, आणि ही चूक दुरुस्त करता येत नाही.

हा नमुना जुळवायचा कशाशी? आई-वडिलांच्या रक्ताशी. मुलीच्या डीएनएचा निम्मा भाग आईकडून येतो, निम्मा वडिलांकडून. दोघांचे नमुने असले तर निष्कर्ष पक्का येतो. ते गेल्यावर भावंडं उरतात, आणि त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष कमकुवत असतो. बेपत्ता व्यक्तींसाठी डीएनए नोंदींची वेगळी सूची ज्या विधेयकात होती, ते डीएनए विधेयक केंद्राने जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. म्हणून दिल्लीकडे बघत न बसता राज्यानेच आदेश काढावा.

सात दिवसांत शोध लागला नाही, की फाईल पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे जावी आणि गुन्हा का नोंदवला नाही, याचं कारण लेखी यावं. एक वर्षाहून जुन्या प्रत्येक प्रकरणात पालकांची संमती घेऊन नमुने घ्यावेत आणि ते राज्यभरातल्या बेवारस मृतदेहांच्या नमुन्यांशी ताडून पाहावेत. सुरुवात सर्वात जुन्या फाईलींपासून करा. त्यांतले आई-वडील आता सत्तरीत आहेत.

आपले,
बेपत्ता महिलांच्या प्रकरणांचा पाठपुरावा करणारे वकील व कार्यकर्ते