म्हापशाच्या बाजारातल्या त्या दोघांचे आभार

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बाबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं अडखळलं. इन्सुलिन टोचून ते न जेवताच निघाले होते. "प्यायलेत," असंही कुणीतरी म्हणालं. केळी विकणाऱ्या मावशी, तुम्ही मात्र लगेच ओळखलंत: "साकर देंवल्या, म्हज्या घोवाकय अशेंच जाता." (साखर उतरलीय, माझ्या नवऱ्यालाही असंच होतं.) बाबांना गिळता येतंय ना, हे आधी पाहिलंत, मगच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून घोट घोट पाजलीत. औषधांच्या दुकानातले दादा, तुम्ही ग्लुकोमीटर घेऊन धावत आलात. रक्तातली साखर 52! 70 च्या खाली गेली की धोका, हे तेव्हा कळलं. 15 मिनिटांनी पुन्हा तपासलंत, 88 झाल्यावर पाव खायला लावलात. गडबडीत तुमची नावं विचारायची राहिली. बाबांच्या खिशात आता साखरेची पुडी असते. तुम्हा दोघांचे मनापासून आभार. येत्या शुक्रवारी बाबांना घेऊन भेटायला येतोय.