घरं किती घेतली यापेक्षा यादी कुठली, ते सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावात फेब्रुवारीत पिण्याच्या पाण्याची नमुना पाहणी झाली. म्हणजे सगळ्या घरांऐवजी काही घरं निवडून, पाणी पुरतं का ते विचारायचं. ही घरं मतदार यादीतून निवडली होती. पाहणीला आलेल्या मुलीबरोबर मी दिवसभर वाडीत फिरलो. चौथ्या घराला कुलूप, पाचव्यालाही. माणसं मुंबईत, नावं यादीत, अंगणात पातेरा साचलेला. कुलूप दिसलं की ती शेजारच्या घरात विचारून रकाने भरी. तिला तसंच सांगितलं होतं. परतताना आंब्याच्या बागेतल्या खोपीतली बाई भेटली, नेपाळी राखणदाराची बायको. डोक्यावर हंडा, कडेवर पोर, लांबच्या पऱ्ह्यावरून आलेली. तिला कोणी काही विचारलं नाही, कारण ती यादीतच नाही. जेटीवरचे परप्रांतीय खलाशीही नाहीत.

अहवाल आला: पाणी पुरेसं. ग्रामसभेत मी हरकत घेतली, तर उत्तर मिळालं, "पुढच्या वेळी जास्त घरं घेऊ." त्याने काय होणार? ज्यांच्याविषयी जाणून घ्यायचं ती समष्टी, आणि नमुना जिच्यातून उचलायचा ती यादी म्हणजे नमुना-चौकट. चौकटीबाहेरचं घर निवडलं जाण्याची शक्यता शून्य; नमुना दुप्पट केला तरी शून्यच. १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक कोण जिंकणार, हे आधीच सांगायला 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून अधिक भरून आल्या. पत्ते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारमालकांच्या याद्यांतले, म्हणजे खात्यापित्या घरांचे, तेही मंदीच्या काळात; गरीब मतदार यादीबाहेरच. (उत्तर न देणाऱ्यांमुळेही अंदाज ढळला, हे खरं.) त्यांच्या मते लँडन जिंकणार होते, रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले.

कोकणात तर याद्या फार लवकर शिळ्या होतात. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीत निवडलेल्या गावी आधी घरोघर फिरून कुटुंबांची ताजी यादी करतात, मग तिच्यातून कुटुंबं निवडतात. आमच्याकडेही तेच करा. आशाताईंना बरोबर घ्या, त्यांना प्रत्येक खोप ठाऊक आहे. बंद घर 'बंद' म्हणूनच नोंदवा, शेजाऱ्याचं उत्तर त्याच्या नावावर घालू नका. आणि या मे महिन्यात, विहिरी तळाला गेल्या असताना, त्या खोपीपर्यंत एकदा चालत या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. रत्नागिरी