प्रोजेक्टर ऑपरेटर महोदयांस, आभारपूर्वक

आदरणीय ऑपरेटर महोदय,
स. न. वि. वि.

आपले नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे पत्र आपल्या हुद्द्यालाच उद्देशून लिहीत आहे. गेल्या शनिवारी संध्याकाळच्या खेळाला एक विज्ञानकथेवरचा ॲनिमेशनपट पाहायला आम्ही चौघे मित्रमैत्रिणी आलो होतो आणि पहिल्या दहा मिनिटांतच तक्रार घेऊन दाराशी उभे होतो, हे आपल्याला कदाचित आठवत असेल.

चित्रपट सुरू झाला तेव्हा पडद्यावर एक बंद पडलेले अवकाशयान होते आणि त्याच्या बोळांतून एक जुना यंत्रमानव एकटाच फिरत होता. चित्र काळपट दिसत होते, पण त्यात काही चुकते आहे असे आम्हांला वाटले नाही. अवकाश काळेच असणार, बंद यानात दिवे कुठून येणार, अशी आम्ही कुजबुजत एकमेकांची समजूत घालत होतो; एकाने तर दिग्दर्शकाने साधलेल्या गूढ वातावरणाचे कौतुकही सुरू केले. आमच्यातली एक मैत्रीण मात्र ॲनिमेशनचेच काम करते. ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "याचा चेहरा घडवायला कोणीतरी महिने घातले असतील, आणि तो दिसतच नाही. असे कोणी मुद्दाम करणार नाही." तिचे म्हणणे असे, की कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रपटात थोडाफार प्रकाश आपसूक येतो, पण ॲनिमेशनमध्ये एकही किरण आपोआप पडत नाही. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर १०० मिनिटांच्या चित्रपटात १,४४,००० चौकटी होतात, आणि त्यांतल्या प्रत्येकीतला उजेड कोणीतरी विचारपूर्वक ठेवलेला असतो.

तरीही "चित्र जरा अंधारे वाटते" ही तक्रार सांगताना माझा मलाच संकोच वाटत होता. "चित्रपटच तसा आहे" एवढे म्हणून आमची बोळवण करणे सोपे होते. हल्ली खेळ संगणकावर लावलेल्या वेळापत्रकाप्रमाणे आपोआप सुरू होतात आणि एका माणसाला अनेक पडदे सांभाळावे लागतात, हे आम्हांला नंतर कळले. आपण मात्र थेट केबिनमध्ये न जाता आधी आमच्या रांगेमागे येऊन उभे राहिलात, अर्धा मिनिट पडदा पाहिलात, मग मागे वळून प्रोजेक्टरच्या झोताकडे पाहिलेत आणि हळूच म्हणालात, "आधीचा खेळ थ्रीडी होता. भिंगापुढचा फिल्टर तसाच राहिलाय."

डाव्या आणि उजव्या डोळ्यांची चित्रे वेगळी राहावीत म्हणून थ्रीडी खेळात भिंगापुढे प्रकाशाचे ध्रुवण करणारा, म्हणजे ठरावीक प्रकारे कंप पावणारा प्रकाशच पुढे जाऊ देणारा, फिल्टर येतो आणि तो निम्म्याहून अधिक उजेड गिळून टाकतो, हे आपण जाता जाता सांगितलेत. घरी आल्यावर मी थोडे वाचले. डिजिटल सिनेमाच्या प्रमाणानुसार साध्या चित्रपटासाठी पडद्याची तेजस्विता चौरस मीटरला ४८ कँडेला (कँडेला हे प्रकाश मोजण्याचे एकक) असावी लागते, तर थ्रीडीमध्ये डोळ्यांपर्यंत साधारण १५ पोहोचली तरी ती पुरेशी धरली जाते. म्हणजे आम्ही साधा चित्रपट जवळजवळ काळा चष्मा लावून पाहत होतो.

फिल्टर सरकवायला आपल्याला दोन मिनिटेही लागली नाहीत. पण तेवढ्यावर न थांबता आपण परत आलात आणि सगळ्या प्रेक्षकांना विचारलेत, "पहिल्यापासून लावू का?" पुढच्या खेळाची वेळ सांभाळायची कसरत आपल्याच वाट्याला येणार होती, तरीही.

मग तोच बोळ पुन्हा आला. यंत्रमानवाच्या खांद्यावर अर्धवट पुसलेला एक आकडा होता, हाताच्या सांध्यापाशी रंग उडून खालचा पत्रा उघडा पडला होता, आणि खिडकीच्या काचेत त्याच्या डोळ्याचे प्रतिबिंब बाहेरच्या ताऱ्यांमध्ये मिसळून गेले होते. यातले काहीही आम्ही पहिल्या वेळी पाहिले नव्हते. गूढ वातावरणाचे कौतुक करणारा आमचा मित्र तेव्हापासून जो गप्प झाला तो शेवटपर्यंत. (आम्ही अजूनही त्याला सोडलेले नाही.) पुढे तो यंत्रमानव यानाबाहेर पडतो तेव्हा आवाज पूर्ण थांबतो, कारण निर्वातात ध्वनीला वाहून नेणारे काहीच नसते. त्या प्रसंगात प्रेक्षकाच्या हाती फक्त प्रकाश उरतो. तोही निम्मा असता तर आमच्या वाट्याला काय आले असते, याची कल्पना करवत नाही.

श्रेयनामावलीतले शेवटचे नाव जाईपर्यंत आमची मैत्रीण उठली नाही. निघताना आम्ही चौघांनी केबिनच्या खिडकीकडे पाहून हात हलवला. आपण तोवर दुसऱ्या पडद्याकडे गेला असाल. तेव्हा पोहोचले नाहीत ते आभार या पत्राने स्वीकारावेत, ही विनंती.

कळावे,
आपली नम्र,
मधल्या रांगेतून तक्रार घेऊन आलेली एक प्रेक्षक