मावशी, मामा, हे आभार कामांची नावं घेऊन

प्रिय मावशी आणि मामा,

ड्यूटी संपताना आम्ही रोज "थँक्यू हं" म्हणतो. ते मनापासूनच असतं, पण आभार नेमके कशाचे ते त्यात येत नाही. दर १२ मे रोजी परिचारिका दिनाच्या शुभेच्छाही आम्हालाच मिळतात आणि ज्या कामासाठी मिळतात त्यात तुमचे हात असतात. म्हणून वॉर्डातल्या आम्हा सगळ्या सिस्टर आणि ब्रदरकडून, आमच्याबरोबर पेशंटची सेवा करणाऱ्या तुम्हा वॉर्डातल्या मावशी-मामांना हे पत्र.

सगळ्यात आधी पाठीबद्दल. जागचं हलता न येणाऱ्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची, एवढंच चार्टवर लिहिलेलं असतं. ते नीट कसं होतं हे तुमच्या हातांना ठाऊक आहे. ड्रॉशीट, म्हणजे पेशंटखालची आडवी चादर, खांद्यांपासून मांड्यांपर्यंत पसरायची, दोघांनी दोन बाजूंनी धरून पेशंटला उचलायचं, ओढायचं नाही. ओढलं की कातडी चादरीला धरून राहते, आतलं हाड पुढे सरकतं आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या पिळल्या जातात. वरून काहीच दिसत नाही, पण जखम आतून सुरू झालेली असते. अगदी कुशीवर न झोपवता ३० अंशांचाच कल देऊन पाठीमागे उशी लावायची, कारण पूर्ण कुशीवर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. दुसरी उशी पोटरीखाली, म्हणजे टाचा गादीला टेकत नाहीत. रात्री तीन वाजताच्या फेरीतही तुम्ही यातलं काही गाळत नाही.

आणि तुमचं ते बोट लावून बघणं! माकडहाडापाशी लाली दिसली की दाबून सोडायचं. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक. पांढरी पडलीच नाही तर बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, ती पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, तिथे आजूबाजूच्या कातडीपेक्षा ती जागा गरम, टणक किंवा लिबलिबीत लागते. "सिस्टर, जरा इथे हात लावून बघा," असं तुम्ही वेळेत म्हणालात तर त्या जागेवरचा भार काढून, गादी बदलून बहुतेक वेळा भागतं. उशीर झाला तर महिनोन्महिने ड्रेसिंग, आणि वेदना पेशंटला. लाल जागा चोळायची नाही, हे तेलाची बाटली घेऊन आलेल्या नातेवाइकांना न दुखावता समजावणारेही तुम्हीच. त्याबद्दल वेगळे आभार.

जेवणाच्या वेळेचंही असंच. साखर तपासण्याआधी तुम्ही मधुमेही पेशंटची बोटं धुवून कोरडी करून ठेवता. बोटाला फळाचा रस लागलेला असला तर मीटर खोटाच वाढलेला आकडा दाखवतं आणि त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं तर पेशंटची साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. "जेवले" एवढ्यावर न थांबता "दोनच घास घेतले, ताट सरकवलं" असं तुम्ही येऊन सांगता, तेव्हा डोसचा विचार पुन्हा करता येतो. भरवताना पेशंटला नीट बसतं करणं, जेवणानंतर अर्धा तास आडवं न करणं, पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरता आला की हात थांबवून आम्हाला बोलावणं, हे फुप्फुसात अन्न जाऊ नये म्हणून असतं. घाई नसलेला माणूसच ते करू शकतो. दहा पेशंट वाट बघत असताना तुम्ही ती घाई होऊ देत नाही.

तुमच्या मोजमापांवर तर आमचा चार्ट उभा असतो. "लघवी झाली" आणि "१८० मिली, गडद रंगाची" यांत फार अंतर आहे. ६० किलोच्या पेशंटला तासाला निदान ३० मिली लघवी व्हायला हवी. त्याहून कमी होत राहिली तर डॉक्टरांना कळवावं लागतं, आणि आकडा अंदाजाने लिहिलेला असेल तर ते कळणारच नाही. डायपर वजन करून, कोऱ्या डायपरचं वजन वजा करून, एका ग्रॅमला एक मिली धरून तुम्ही नोंद देता. श्वास पूर्ण एक मिनिट मोजता, तोही पेशंटच्या लक्षात येऊ न देता, कारण लक्षात आलं की तो वेगळा श्वास घ्यायला लागतो. बीपी पडायच्या कितीतरी आधी श्वास वाढलेले असू शकतात. जाड दंडाला बीपीच्या यंत्राचा छोटा पट्टा (कफ) लावला तर बीपी खोटंच जास्त येतं, म्हणून तुम्ही मोठा कफ शोधून आणता.

युरिन बॅग मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकता लटकवणं, पक्षाघाताच्या पेशंटला सदरा घालताना आधी कमजोर हाताची बाही चढवणं, उभं करण्याआधी पाय खाली सोडून मिनिटभर बसवणं, सकाळी आठवणीने चष्मा आणि कानातलं यंत्र लावणं. हे सगळं आम्हाला दिसतं.

आता आमच्याकडून काय, तेही लिहून ठेवतो. तुम्ही काही दाखवलंत तर नोंदीत आणि राउंडला "मावशींनी लक्षात आणून दिलं", "मामांनी सांगितलं" असंच येईल. त्याचं पुढे काय झालं, हेही तुम्हाला परत येऊन सांगू; आजवर इथेच आम्ही कमी पडत आलो. ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती सोपवणं, म्हणजे हँडओव्हर, पेशंटच्या खाटेपाशी आणि तुम्हाला सोबत घेऊन होईल, म्हणजे कोणाला तोंडाने काही द्यायचं नाही, कोणत्या हाताला बीपी घ्यायचं नाही, हे तुम्हाला दुसऱ्याकडून कळायला नको. कूस बदलायला दुसरा माणूस लागला तर आम्ही येऊ. हातातलं औषध देऊन लगेच येऊ. खाटेपाशी आम्ही असू आणि पेशंटने बेडपॅन मागितलं, तर तुम्हाला वॉर्डभर हाका मारणार नाही, आम्हीच देऊ. आणि तुमच्या जेवणाची वेळ ड्यूटीच्या सुरुवातीलाच बोर्डावर लिहिली जाईल. तेवढा वेळ बेल आमच्याकडे.

तुमचे,
वॉर्डातले सगळे सिस्टर आणि ब्रदर