खुडूक कोंबडीला बुचकळू नका

महोदय,

कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून बसली, अंडी बंद झाली, की तिला गार पाण्यात बुचकळायचं, ही पद्धत आमच्या इंदुरात अजून दिसते. परसात चार कोंबड्या पाळणाऱ्याने असला आततायीपणा का करावा? झाबुआचा कडकनाथ हा काळा कोंबडा (2018 साली त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं) इथे हौसेने पाळतात. पण त्याची मादी क्वचितच नेटाने उबवते. तिची अंडी गावठी खुडूक कोंबडीखालीच ठेवावीत.

अंधार पडल्यावर, आडोशाच्या टोपलीत पेंढा घालून या खुडूक कोंबडीला बसवावं. अंड्यांवर पेन्सिलीने खूण हवीच, कारण बाकीच्या कोंबड्या तिथेच नवी अंडी घालून जातात. मग साधारण 21 दिवस उबवणं. आमची तांबडी दिवसातून एकदा उठते, घाईघाईने दाणे टिपते, एकच भलीमोठी विष्ठा टाकते, धुळीत लोळते आणि परत जागेवर. हात नेला की पिसं फुलवून घुरघुरते, खसकन टोचते. टोचू दे! पिल्लांना उबेसाठी बल्बची गरज नाही, तिचे पंख पुरतात. फक्त पाण्याच्या बशीत खडे टाका, नाहीतर पिल्लं बुडतात.

– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर